दोन सूत

"दहापासून धरा, साहेब."

मिस्त्रींनी हे तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मला जरा लागलंच. मोजणी खात्यात 31 वर्षं काढून निवृत्त झालेला माणूस मी, आणि टेप कसा धरायचा ते वाईजवळच्या एका गॅरेजात, जीपच्या पोटाखाली उताणा पडून ऐकून घेत होतो. पण म्हणणं खरं होतं. पोलादी टेपच्या टोकाला जी वाकडी पत्री असते ती मुद्दाम सैल बसवलेली असते. बाहेरून अडकवली तर ती आपल्या जाडीइतकी पुढे येते, आतून टेकवली तर तेवढीच मागे जाते. दोन्ही बाजूंनी माप बरोबर यावं म्हणून ती सोय. नवी असेपर्यंत ठीक. टेप दहा वेळा जमिनीवर आपटला, पत्रीचे रिव्हेट ढिले झाले, की तीच सोय अर्ध्या सुताचा घोटाळा करते. म्हणून टोक सोडून द्यायचं, 10 इंचांची रेघ खुणेवर धरायची आणि आलेल्या मापातून 10 वजा करायचे. पहिल्या दिवशी एका बाजूचे दहा वजा करायला मी विसरलो आणि आमची जीप एका अंगाने जवळजवळ फूटभर लांब निघाली. मिस्त्री काही बोलले नाहीत. बिडी विझवली आणि म्हणाले, "चहा घ्या आधी."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मिलिमीटरमध्ये तीनाला किंचित जास्त. सुतार, लोहार, गवंडी अजून याच भाषेत बोलतात, आणि जीप इंचातच जन्मलेली असल्यामुळे आम्हीही तीच धरली. आमच्या खात्यात 33 फुटांची साखळी, साखळीचे 16 आणे. शेतात एखादा आणा इकडेतिकडे झाला तर दोन भाऊ कोर्टात जातात. इथे आण्याची गोष्टच नव्हती. इथे भांडण सुतांचं होतं, आणि तेही जीप आमच्या घरात आल्यापासूनच्या जवळजवळ साऱ्या काळाचं.

जीप अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. महिंद्राची सीजे-थ्रीबी, 1968 चं मॉडेल. 1979 साली एका सरकारी खात्याच्या लिलावात घेतलेली. हे मॉडेल विलीसने अमेरिकेत 1953 साली काढलं. हरिकेन नावाचं नवं इंजिन घातलं, त्याच्या इनटेकच्या झडपा वर हेडमध्ये आल्या, इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेटही उंच करावं लागलं. युद्धातल्या जीपचा चपटा चेहरा जाऊन हा कपाळ मोठं असलेला चेहरा आला. जुने लोक त्याला नावं ठेवतात. मला विचाराल तर जीप म्हणजे हाच चेहरा. लहानपणी जो बघितला तो खरा. अमेरिकेत 1968 मध्ये ही जीप बंद झाली, आपल्याकडे मात्र तिची लेकरं-नातवंडं पुढे कित्येक वर्षं निघत राहिली. पोलीस, पाटबंधारे, जंगल खातं, डॉक्टर, आमदार, वडाप: महाराष्ट्राचा निम्मा कच्चा रस्ता या गाडीने पहिल्यांदा बघितला असेल.

तर आमची जीप डावीकडे ओढायची.

घरातल्या प्रत्येकाला हे माहीत होतं आणि त्याचं कारणही माहीत होतं. 1986 साली धाकट्या काकांनी ती पसरणीच्या घाटात ठोकली. तेव्हापासून ओढते. हे वाक्य अण्णांनी इतक्या वेळा म्हटलं की त्याला आमच्या घरात आरतीसारखी चाल लागली होती. पाहुणा गाडीत बसला, स्टिअरिंग जरा उजवीकडे कललेलं त्याला दिसलं, की अण्णा रस्त्यावरची नजर न काढता म्हणायचे, "धाकट्याची कृपा." पुढचा बंपर डाव्या टोकाला आत गेलेला होता. म्हणजे पुरावाही हजर. काका हसायचे. नंतर नंतर जीपमध्ये बसायचेच नाहीत.

अण्णा गेले, जीप माझ्याकडे आली. चार वर्षं गोठ्यात उभी होती. निवृत्तीनंतर काहीतरी करायचं म्हणून मी ती बाहेर काढली, आणि पहिल्यांदा आपल्या हाताने वाईच्या रस्त्यावर घेतली तेव्हा कळलं, अण्णांचा उजवा हात नेहमी डाव्यापेक्षा चार बोटं खाली का असायचा. मी त्यांना हातात छडी घेतलेलं, चहाचा कप धरलेलं, देवाला हात जोडलेलं पाहिलंय. पण डोळ्यांपुढे येतात ते हे असे, वरखाली हात ठेवलेले. सरळ जाण्यासाठी ते तीसेक वर्षं उजवीकडे वळत होते.

ओढण्याची कारणं शंभर असतात. एका बाजूच्या टायरमध्ये हवा कमी, एका ड्रमचा ब्रेक धरून राहिलेला, किंगपिन घट्ट. आणि मुळात आपण रस्त्याच्या डाव्या अंगाने चालतो, रस्ता पाणी वाहून जावं म्हणून मधे उंच नि कडेला उतरता असतो, त्यामुळे सगळ्याच गाड्या थोड्या डावीकडे घसरू बघतात. ओढ रस्त्याची की गाडीची, हा पहिला प्रश्न. टायर डाव्याचे उजव्याला घातले, फरक नाही. ब्रेकचे ड्रम हाताने चाचपले, चारही सारखे गरम. मग अलाइनमेंटच्या दुकानात नेली. तिथे पुढच्या चाकांना आरसे लावून संगणकाने माप घेतलं, छापील कागद दिला, त्यावर सगळं हिरवं. कागद हातात धरून बाहेर पडलो आणि जीप डावीकडे गेली.

मिस्त्रींनी कागद बघितलाही नाही. "पुढची चाकं एकमेकांशी बोलतात का एवढंच विचारलंय त्यांनी. मागच्यांना कोण विचारणार?"

त्यांनी गावातल्या शाळेच्या मैदानावर गाडी आणायला लावली. खो-खोच्या रेघा आखायची पांढरी फक्की मैदानावर पट्ट्यात पसरली, वर पाणी शिंपडलं आणि मला म्हणाले, त्या लिंबाच्या झाडाकडे नजर ठेवून सरळ घ्या, स्टिअरिंग हलवू नका. मी घेतली. उतरून बघतो तर मागच्या चाकांचे माग पुढच्यांच्या मागांवर पडलेलेच नव्हते. या जीपला पुढची आणि मागची चाकं एकमेकांपासून सारख्याच अंतरावर असतात, तेव्हा माग एकावर एक पडायला हवेत. इथे दोन्ही बाजूंना मागचा माग पुढच्यापेक्षा बोटभर उजवीकडे. गल्लीतलं कुत्रं बघा, मान एका रेषेत आणि मागचे पाय दुसऱ्या रेषेत टाकत दुडकत जातं. आमची जीप अगदी तशी चालत होती. इतकी वर्षं.

मग बॉडी उतरवायचं ठरलं. जीपची बॉडी म्हणजे टबच. बोल्ट काढले आणि सहा माणसं लावली की उचलून बाजूला. (बोल्ट काढले असं लिहायला एक ओळ लागते. प्रत्यक्षात चार दिवस लागले आणि निम्मे कापावे लागले.) खाली राहते ती चासी. दोन लांब पट्ट्या, त्यांना जोडणारे आडवे. शिडीसारखी, अगदी शिडीच. पत्रा दाबून केलेल्या पन्हाळी, रिव्हेटने ठोकलेल्या. सांगाडा उघडा पडला तेव्हा मला एकदम आमच्या जुन्या वाड्याची कौलं उतरवली होती तो दिवस आठवला. घर एवढंच होतं?

मोजणीत एक गोष्ट पहिल्या आठवड्यात शिकवली जाते. मोज घेण्याआधी मोज कुठून घ्यायची ते ठरव. शेजारी सांगतो बांधापासून धरा. पण बांधच तर सरकलेला असतो! म्हणून पक्का दगड शोधायचा, जो कोणी हलवला नाही असं सगळ्या बाजूंना मान्य आहे, आणि तिथून निघायचं. चासीलाही हेच. मला वाटत होतं पुढच्या टोकापासून मोजत मागे जावं. मिस्त्री म्हणाले, टोकं तर आधी मार खातात. मधला भाग धरा. ठोकर पुढून बसो की मागून, चासीचं पोट सहसा जागेवर राहतं. ते सरळ आहे अशी खात्री करायची आणि तिथून पुढे एक डाव म्हणजे एक चौकोन, मागे एक डाव असं जायचं.

मधला बिंदू म्हणून मी आपला भोळेपणाने मागच्या अ‍ॅक्सलच्या गोळ्याला, म्हणजे डिफरेन्शियलच्या फुगीर डब्याला, हात लावला. ते हसले. जीपचा गोळा मधे नसतोच. ट्रान्सफर केसचा (ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणारा डबा) शाफ्ट उजव्या बाजूने बाहेर पडतो म्हणून पुढचा आणि मागचा दोन्ही गोळे उजवीकडे सरकवून बसवलेले असतात. जन्मापासून. गाडीचं जे सगळ्यात ठळक, सगळ्यात वजनदार आणि मध्यभागी आहे असं वाटतं, त्यालाच धरून मोजलं असतं तर सगळं माप बोंबललं असतं.

आता ओळंबा. गवंड्याचाच, पितळी. ठरवलेल्या भोकातून सोडायचा, डुलायचा थांबला की जमिनीवर टोकाखाली खडूने बारीक फुली. डाव्या पट्टीवरचं भोक, उजव्या पट्टीवरचं तेच भोक. पाट्यांचे (स्प्रिंगांचे) हँगर, बॉडीच्या बोल्टांची भोकं, आडव्यांचे रिव्हेट. हवा बंद हवी, म्हणून दुपारी पंखा बंद करून आम्ही घामाघूम होऊन ओळंबा थांबायची वाट बघत बसायचो. मला हा वेळ फार आवडला. मोबाइलवर बोलता येत नाही, हलता येत नाही, जोरात श्वाससुद्धा घेऊ नये. पितळेचा लंबक आपला आपला शहाणा होईपर्यंत थांबायचं. नातू शेजारी बसून म्हणाला, आजोबा, हे लोडिंग होतंय का?

सोळा फुल्या झाल्या तेव्हा चासी उचलून नेली असती तरी चाललं असतं. ती जमिनीवर उतरली होती. आमच्या खात्यातला नकाशाच तो. आता निळीचा दोरा मारून कर्ण काढायचे. पुढच्या डाव्या फुलीपासून मागच्या उजव्या फुलीपर्यंत, आणि उलट. चौकोन गुण्यात (काटकोनात) असेल तर दोन्ही कर्ण सारखे, आणि ते एकमेकांना जिथे छेदतात तो बिंदू बरोबर मध्यरेषेवर. एक डाव, मग पुढचा डाव, मग मागचा. सगळे छेदबिंदू एका दोऱ्यात आले की चासी सरळ. जुन्या अमेरिकी मॅन्युअलांत हीच रीत दिलेली असते आणि गावातला गवंडी पाया आखताना हेच करतो. तीन-चार-पाचचा काटकोन लावतो, मग कर्ण जुळवून बघतो. त्याला पायथागोरस कोण ते ठाऊक नाही, पायथागोरसालाही तो ठाऊक नव्हता, दोघांचंही अडलं नाही.

कर्णाची गंमत अशी की तो चूक वाढवून सांगतो. समजा ठोकर बसून एक पट्टी सबंध मागे सरकली, तर एक कर्ण लांबतो आणि दुसरा तेवढाच आखडतो. पट्टी एक सूत सरकली असेल तर दोन कर्णांत फरक दिसतो जवळजवळ दोन सुतांचा. जे नुसत्या डोळ्यांना दिसलं नसतं ते कर्ण दुप्पट करून समोर ठेवतो. आमच्या साहेबांचा एक कारकून असाच होता.

पुढच्या डावाचे कर्ण मोजताना माझा हात थरथरत होता. काकांची केस इथेच उभी राहणार होती. डावीकडून पुढे ठोकलेली गाडी म्हणजे डावी पट्टी मागे गेलेली असणार, कर्ण बोलणारच. एकदा मोजलं. टेप उलटा धरून परत मोजलं. नातवाला मोजायला लावलं. अर्ध्या सुताचा फरक. कारखान्यातून निघतानाही कदाचित तेवढा असेल.

पुढे काहीच झालेलं नव्हतं. बंपर आत गेलेला, पण त्याच्या मागची पट्टी जशीच्या तशी.

इथे मी घाई केली. त्याच रात्री काकांना फोन लावून सांगावं असं फार वाटलं, आणि बरं झालं रेंज नव्हती. कारण सकाळी मिस्त्रींनी गवंड्याची पाण्याची नळी आणली. कर्णांना एक गोष्ट दिसत नाही, उंची. चासी पिळवटली, एक कोपरा अर्धा इंच वर गेला, तरी पावणेचार-चार हात लांबीच्या कर्णात एका केसाएवढाही फरक पडत नाही. मी नंतर कागदावर करून पाहिलं, इंचाच्या हजार भागांतले दोनसुद्धा भरत नाहीत. म्हणजे सगळे कर्ण जुळलेले, छेदबिंदू दोऱ्यात, नकाशा सुंदर, आणि गाडी मात्र फळी पिळल्यासारखी पिळलेली. नकाशावर डोंगर दिसत नाही तसंच.

पाणी खोटं बोलत नाही म्हणतात. नळीत बुडबुडा राहिला असेल तर बोलतं. बुडबुडे काढले, चार कोपऱ्यांना धरली, आणि पुढचा डावा कोपरा तीन सूत खाली निघाला. मी मट्कन बसलो. आता घाटाऐवजी दुसरा संशयित पुढे आला. 1984 साली अण्णांनी पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं होतं. त्या काळात सगळेच बसवायचे, पेट्रोल परवडत नव्हतं. डिझेल इंजिन जड, त्याचे माउंट जागेवरच कापून-वेल्डिंग करून बसवलेले. वेल्डिंगचा टाका थंड होताना आखडतो आणि लोखंडाला आपल्याकडे ओढतो. जड इंजिन, तापलेली पट्टी: अण्णाच गुन्हेगार? दोन तास मी मनातल्या मनात वडिलांवर खटला चालवला. पुरावेही सापडत गेले. कोणत्याही मिस्त्रीला पुरतं न ऐकण्याची त्यांची सवय. "चालतंय की" हा त्यांचा शब्द.

मिस्त्रींनी तोवर गाडीखालचे चारही घोडे, म्हणजे चासीचे टेकू, तपासले. गॅरेजच्या जमिनीला एका कोपऱ्यात खोलगट भाग, तिथला घोडा पाऊण इंच खाली बसलेला. पुढे इंजिन अजून लटकलेलं. शिडीची चासी मुळात जरा पिळली जावी अशीच केलेली असते, खाचखळग्यात चारही चाकं जमिनीला टेकावीत म्हणून. आम्ही तिला वाकड्या जागी बसवून तीच वाकडी आहे असं म्हणत होतो. इंजिन उतरवलं, घोड्याखाली पत्र्याच्या चकत्या घातल्या, नळी परत धरली. तीनातलं एक सूत उरलं. मिस्त्री म्हणाले, "पंचावन्न वर्षांची बाई आहे. एक सूत सोडा."

अण्णा सुटले.

म्हणजे मग मागे. मागचा डाव मी अगदी थंड डोक्याने मोजला, उत्साह संपला होता. दोन्ही कर्णांत पावणेदोन सुतांचा फरक. या वेळी सबंध पट्टी हललेली नव्हती, एकच फुली जागेवरून गेली होती: मागच्या डाव्या पाट्याचा पुढचा हँगर. जीपच्या मागच्या पाट्याला पुढच्या टोकाला पक्की पिन असते आणि मागच्या टोकाला झुलणारं शॅकल. म्हणजे अ‍ॅक्सल कुठे बसायचं ते ही पुढची पिन ठरवते. तीच दोन सूत पुढे. पत्र्याने घासून बघितलं तर रंगाच्या थराखाली हँगरभोवती कंपनीच्या रिव्हेटऐवजी वेल्डिंगचा जाडजूड टाका, कोणीतरी रात्रीच्या वेळी घातल्यासारखा.

मग सगळं जुळत गेलं. या जीपचं पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर 80 इंच. युद्धातल्या जीपपासून तेवढंच. आमच्या गाडीचं उजव्या बाजूला 80 आणि वर अर्धं सूत, डाव्या बाजूला 79 इंच साडेपाच सूत. हँगरपाशी दोन सुतांची चूक चाकांपाशी तीन सुतांची होते, कारण पाटे आत असतात आणि चाकं बाहेर. मागचं अ‍ॅक्सल तेवढं तिरकं, म्हणून ते गाडीचा मागचा भाग उजवीकडे ढकलत राही आणि तोंड डावीकडे वळे. सुतावरून स्वर्ग गाठायचा म्हणतात. इथे दोन सुतांवरून बोटभर तिरका माग, त्यावरून कललेलं स्टिअरिंग, त्यावरून अण्णांचा चार बोटं खाली आलेला हात, आणि त्यावरून आमच्या घरातलं एक मोडलेलं माणूस.

दुरुस्तीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. टाका कापला, हँगर मोकळा केला, खुणेवर आणून आधी बोल्टने आवळला, परत मोजला, मग थोडंथोडं वेल्डिंग एकदा या अंगाला एकदा त्या अंगाला, मधे गार होऊ देत. अर्धा दिवस. मोजायला अकरा दिवस गेले होते.

काकांकडे मी स्वतः गेलो. ते आता 78 वर्षांचे आहेत, गुडघे गेलेत, पण कान तिखट. नकाशा मी सोबत नेला होता, कागदावर नीट उतरवलेला, फुल्यांना नंबर घातलेला. जमीन मोजून झाल्यावर दोन्ही पक्षांना समोर बसवून दाखवतो तसा मी तो पसरला आणि म्हणालो, "काका, पुढचं सगळं जागच्या जागी आहे. तुम्ही ठोकल्यामुळे काही झालेलं नाही. उगाच एवढी वर्षं तुमच्यावर आळ."

ते कागदाकडे बघत राहिले. मग विचारलं, "मागं काय निघालं?"

"मागचा डावा हँगर. दोन सूत पुढे. पण त्याचा घाटाशी..."

"मग बरोबर आहे की." चष्मा काढून ते पुसायला लागले. "मी पुढनं कुठं ठोकली? माघारी गेली गाडी. दोन वळणं राहिली होती वर जायला, इंजिन तापलं म्हणून थांबवली, पाणी घालायला उतरलो. हँडब्रेक होता कुठं तिला? अण्णा म्हणायचा, गिअरमधे टाकून ठेव, चालतंय की. गिअर सुटला. मागचं डावं चाक मोरीच्या दगडाला असं बसलं, की बस्स. दगड नसता तर मी आज तुला चहा पाजायला नसतो."

मी नकाशाकडे बघितलं. चाक मागून दगडाला बसलं, अ‍ॅक्सल पुढे ढकललं गेलं, पिनेसकट हँगर पुढे. बरोबर दोन सूत. मोजणीत आम्ही हेच तर सांगत आलो, बांध किती सरकला ते आम्ही लिहून देऊ, कोणी सरकवला ते विचारू नका. आणि मी मात्र काकांना निर्दोष सोडायला निघालो होतो.

"आणि बंपर?" मी विचारलं.

"बंपर तुझ्या अण्णानं गोठ्याच्या खांबाला लावला, त्याच्या आदल्या वर्षी. वहिनीला माहीत होतं."

"मग तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? ठोकली तर मीच होती." चष्मा त्यांनी परत लावला. "हँगर तुटून लोंबत होता. त्याच रात्री दोघं जाऊन वेल्डरला झोपेतनं उठवलं. अण्णानं बॅटरी धरली, मी हँगर धरला."

"मोजलं कुणी?"

"मोजतोय कशाला! अण्णा मागं जाऊन बसला, एक डोळा मिटला, म्हणाला, बसलं जागेवर. मार टाका."

जीप बाहेर रस्त्यावर उभी होती. मी म्हटलं, चला, एक चक्कर मारू. काठी टेकत ते बाहेर आले. दार धरून ठेवलं होतं तिकडे गेले नाहीत. वळसा घालून मागे गेले, माझ्या खांद्याचा आधार घेऊन मोठ्या कष्टाने उकिडवे बसले आणि एक डोळा मिटला. मागच्या चाकांवरून पुढच्या चाकांकडे बघत बसले. बराच वेळ.